नोंद कृतीची की आवाजाची? सिंथेसायझर आणि संगणक यांच्या मैत्रीचा इतिहास

हार्मोनियमवर वाजवलेली एखादी चाल जपून ठेवायची असेल, तर आपल्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग वहीचा. कोणता स्वर, किती मात्रा, सम कुठे, हे सारेगमच्या भाषेत लिहून काढायचे. दुसरा मार्ग टेपचा. वाजवणाऱ्यासमोर मायक्रोफोन ठेवायचा आणि हवेत उमटलेला आवाज पकडायचा. वहीत उतरते ती वाजवणाऱ्याच्या कृतीची नोंद. टेपवर उतरते ती आवाजाची नोंद.

हा फरक आपल्याला नवा नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत लिहून छापल्या. त्यामुळे घराण्यांच्या बंद दारांआड असलेले संगीत सर्वांसाठी खुले झाले. त्याआधी, १९०२ साली, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित केले. स्वरलिपीवरून आपण बंदिश शिकू शकतो, पण गौहरजान यांचा गळा कसा होता ते कळत नाही. तबकडीवरून गळा कळतो, पण ते गाणे दुसऱ्या पट्टीत किंवा संथ लयीत हवे असेल तर तबकडी निरुपयोगी ठरते.

सिंथेसायझर या विद्युत वाद्याच्या बाबतीत हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. आज अनेक संगीतकार हे वाद्य वायरने संगणकाला जोडतात आणि त्याचा आवाज संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्रित करतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'संगणक स्वतःच हवे ते आवाज तयार करतो. शिवाय कोणती पट्टी केव्हा दाबली याची नोंदही त्याच्याकडे असते. मग बाहेरच्या वाद्याचा आवाज आत घेण्याची खटपट कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला सुमारे साठ वर्षे मागे जावे लागेल.

स्मरणशक्ती नसलेले वाद्य

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने एक नव्या धर्तीचे वाद्य तयार केले. साधारण त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला हेही स्वतंत्रपणे तसाच प्रयत्न करीत होते. मूग यांच्या वाद्यात मुख्यतः तीन प्रकारचे घटक होते. विद्युत कंपने निर्माण करणारा आंदोलक, त्या कंपनांतील काही वारंवारता गाळून टाकणारा फिल्टर, आणि आवाज लहानमोठा करणारा वर्धक. हे घटक एकमेकांना वायरींनी जोडायचे, बटणे फिरवायची आणि हवा तो आवाज घडवायचा.

यातली खरी कल्पकता वाद्याच्या नियंत्रणात होती. प्रत्येक घटक व्होल्टेजने चालत असे. आंदोलकाला दिलेले व्होल्टेज एक व्होल्टने वाढवले की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. समजा शून्य व्होल्टला ११० हर्ट्झचा स्वर मिळाला, तर १ व्होल्टला २२०, २ व्होल्टला ४४० आणि ३ व्होल्टला ८८० हर्ट्झ मिळतील. व्होल्टेजची बेरीज होते तेव्हा वारंवारतेचा गुणाकार होतो. आपला कानही सप्तके याच रीतीने मोजतो. दहावीच्या वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

एका सप्तकात बारा स्वर म्हटले तर दोन लगतच्या स्वरांत एक भागिले बारा व्होल्ट, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्टचे अंतर पडते. पाच-दहा मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तरी स्वर बेसूर वाटू लागतो. त्यात भर म्हणजे व्होल्टेजचे घातांकात रूपांतर करणारे ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे आपले वर्तन बदलतात. त्यामुळे खोली तापली की वाद्य उतरे किंवा चढे. तंबोऱ्याप्रमाणे तेही वरचेवर जुळवून घ्यावे लागे.

या वाद्याला स्वतःची स्मरणशक्ती मुळीच नव्हती. वायरी काढल्या, बटणे फिरवली की तो आवाज गेला. मांडणी कागदावर काढून ठेवली तरी पुढच्या वेळी आवाज थोडा वेगळाच निघे. शिवाय वाद्यातून एका वेळी एकच स्वर येई. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना मूग सिंथेसायझरवर वाजवून 'स्विच्ड-ऑन बाख' ही तबकडी काढली, तेव्हा त्यांना प्रत्येक स्वरपंक्ती वेगळी वाजवून आठ मार्गांच्या टेपरेकॉर्डरवर एकावर एक चढवत जावे लागले. टेपशिवाय ते संगीत अस्तित्वातच आले नसते. म्हणजे सिंथेसायझरच्या बाबतीत ध्वनिमुद्रण हा अगदी सुरुवातीपासून संगीत रचण्याच्या क्रियेचाच भाग होता.

अहमदाबादच्या ध्वनिफिती

हे वाद्य आपल्या देशात फार लवकर आले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर आणि टेपरेकॉर्डर यांची एक प्रयोगशाळा उभारून दिली. यामागे गीता साराभाई यांची ओढ होती. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले होते. या प्रयोगशाळेत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग केले.

पुढे ही प्रयोगशाळा थंडावली आणि हे काम विस्मरणात गेले. अनेक वर्षांनी लंडनस्थित कलावंत पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात त्या ध्वनिफिती सापडल्या. १९६९ ते १९७२ या काळातील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या आणि भारतातील सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे हे प्रकरण जगापुढे आले.

या मंडळींनी केवळ स्वर लिहून ठेवले असते, किंवा वायरींच्या जोडण्यांचे आराखडे काढून ठेवले असते, तर आज आपल्या हाती काय आले असते? कागद आले असते, संगीत मात्र नाही. जे वाचले ते आवाजाची नोंद झाली होती म्हणून वाचले. एका देशाच्या संगीताच्या इतिहासातले एक पान राहणार की जाणार, हे फितीवरच्या लोहकणांच्या पातळ थरावर अवलंबून होते. आणि फीतही अमर नसते. चुंबकीय कण प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून ठेवणारा चिकट थर दमट हवेत खराब होऊ शकतो. म्हणून अशा फितींवरचा आवाज वेळेत आकड्यांत उतरवून संगणकात ठेवावा लागतो.

आवाजाचे आकडे

आवाज आकड्यांत कसा उतरतो? आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन किंवा सिंथेसायझर त्याच चढउतारांचे व्होल्टेज देतो. हे व्होल्टेज ठरावीक अंतराने मोजायचे आणि प्रत्येक मोजमाप एक संख्या म्हणून लिहून ठेवायचे. रुग्णाचा ताप दर तासाला मोजून परिचारिका तक्ता भरते, तसेच हे. फक्त इथे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा करायचे असते.

पण नेमके किती वेळा? बेल प्रयोगशाळेतील हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखांतून याचे उत्तर मिळाले. आवाजातील सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर मधली कोणतीही माहिती निसटत नाही. मूळ तरंग पुन्हा तंतोतंत उभा करता येतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून सेकंदाला ४०,००० हून अधिक नमुने लागतात.

याच बेल प्रयोगशाळेत १९५७ साली मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्यूझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आयबीएम ७०४ या यंत्राने त्यातून आकडे तयार केले, आकड्यांचे व्होल्टेज केले आणि ध्वनिवर्धकातून सतरा सेकंदांची एक छोटी रचना ऐकू आली. संगणकाने तयार केलेल्या आवाजाची ही आरंभीची पावले. १९६३ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात मॅथ्यूज यांनी मांडले की, आकड्यांतून कोणताही ऐकू येण्याजोगा आवाज तयार करणे तत्त्वतः शक्य आहे. तत्त्वतः खरे, पण त्या काळच्या यंत्रांना थोड्याशा आवाजासाठीही पुष्कळ वेळ लागे. वादकाने पट्टी दाबावी आणि तत्क्षणी स्वर यावा, हे सुख मूग यांच्या तारा-ट्रान्झिस्टरांच्या वाद्यातच होते. म्हणून पुढली कित्येक वर्षे संगणक आणि सिंथेसायझर हे दोन वेगळ्या वाटांनी चालत राहिले.

आकड्यांनी ध्वनिमुद्रण करण्यात मोठी अडचण होती ती साठवणुकीची. एवढे आकडे ठेवायचे कोठे? तेव्हा सोयीची जागा होती व्हिडिओ टेप. चित्राच्या ओळींच्या जागी आकडे लिहायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ नमुने. गुणाकार येतो ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रे, २९४ ओळी आणि ३ नमुने. गुणाकार पुन्हा ४४,१००! दोन्हीकडे चालणारी ही संख्या १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने स्वीकारली. व्हिडिओ टेप इतिहासजमा झाली, पण ती संख्या आजही संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज भेटते.

मुंबई १९८२, आणि एक करार

दरम्यान सिंथेसायझर बदलत होता. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शिअल सर्किट्स कंपनीने 'प्रॉफेट-५' हे वाद्य आणले. त्यात सूक्ष्मप्रक्रियक होता आणि बटणांच्या मांडण्या तो लक्षात ठेवी. वाद्याला स्मरणशक्ती आली.

मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीसाठी मुद्रित केली. त्यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती. तालासाठी टीआर-८०८, खर्जाच्या स्वरांसाठी टीबी-३०३ आणि रागाच्या चलनासाठी ज्युपिटर-८. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, त्यामुळे आपल्या मींडेची आठवण यावी. या यंत्रांना एका लयीत चालवण्यासाठी घड्याळाच्या टिकटिकीसारखे विद्युत स्पंद एका यंत्रातून दुसऱ्याकडे पाठवता येत. पण ही सोय एकाच कंपनीच्या यंत्रांपुरती होती. दुसऱ्या कंपनीचे यंत्र ही भाषा समजेलच याची खात्री नसे.

तबकडी त्या वेळी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे जाणकार चकित झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोमध्ये ज्या नृत्यसंगीताची लाट आली, तिच्याशी मिळतेजुळते आवाज मुंबईत पाच वर्षे आधी मुद्रित झाले होते! चरणजित सिंग २०१५ साली वारले. आयुष्याच्या अखेरीस का होईना, त्यांना श्रोते मिळाले. इथेही जे टिकले ते मुद्रित आवाजामुळेच.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एक भाषा हवी, हा विचार स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे नेला. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. या भाषेचे नाव 'मिडी'. पुढे दोघांना या कामासाठी २०१३ साली ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातात त्या सूचना. उदाहरणार्थ, १४४, ६०, १०० अशा तीन संख्या. पहिलीचा अर्थ 'पट्टी दाबली', दुसरीचा 'साठ क्रमांकाची पट्टी', तिसरीचा 'एवढ्या वेगाने'. सेकंदाला ३१,२५० बिट या गतीने ही सूचना जायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. पट्टी सोडली की आणखी एक सूचना. म्हणजे मिडी ही आपली ओळखीची वही झाली. भातखंड्यांची स्वरलिपी माणसांसाठी, ही यंत्रांसाठी.

चार मिनिटांत भरलेली डिस्क

या वहीचा संगणकाला फार मोठा फायदा झाला. तो कसा, हे आकडेमोडीने पाहू. (हे गणित वर्गात फळ्यावर करण्यासारखे आहे.)

कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीचा एक मिनिट आवाज घेऊ. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा म्हणजे २ बाइटचा, डावी आणि उजवी अशा २ वाहिन्या, आणि ६० सेकंद. ४४,१०० × २ × २ × ६० = १,०५,८४,००० बाइट. म्हणजे दर मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट.

आता त्याच मिनिटात वादकाने सेकंदाला दहा स्वर वाजवले असे समजू. एकूण ६०० स्वर. प्रत्येकाला दाबण्याचे ३ आणि सोडण्याचे ३ बाइट. ६०० × ६ = ३,६०० बाइट. दोन्हींचे गुणोत्तर सुमारे तीन हजारास एक!

१९८० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकाची हार्ड डिस्क ४० मेगाबाइटची असली तरी ती भाग्याची गोष्ट होती. त्यात जेमतेम चार मिनिटांचा आवाज मावला असता. मिडीचे संगीत मात्र एका फ्लॉपीवर कितीतरी मावे. म्हणून १९८५ साली आलेला अटारी एसटी हा संगणक संगीतकारांचा लाडका झाला, कारण मिडीचे जोड त्याला मुळातच होते. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीचे 'क्यूबेस' हे सॉफ्टवेअर १९८९ साली याच संगणकावर आले. संगणक वहीतल्या सूचना पाठवी आणि टेबलावरचे सिंथेसायझर वाजत. अखेरचा आवाज मात्र अजूनही टेपरेकॉर्डरवरच जाई.

मग हार्ड डिस्क मोठ्या आणि स्वस्त होऊ लागल्या. १९९० साली ऑपकोड कंपनीच्या 'स्टुडिओ व्हिजन' या सॉफ्टवेअरने मिडीच्या सूचना आणि प्रत्यक्ष आवाज एकाच पडद्यावर शेजारी शेजारी आणले. १९९१ साली 'प्रो टूल्स' आले. वही आणि टेप एका छपराखाली नांदू लागली.

१९९६ पासून तर सिंथेसायझर स्वतःच सॉफ्टवेअर होऊन संगणकात शिरू लागला. मॅथ्यूज यांचे तत्त्व अखेर घरोघरी खरे झाले. तरीही बाहेरची वाद्ये गेली नाहीत. त्यांची बटणे हाताने फिरवण्यात वादकाला सुख आहे, आणि त्यांच्या आवाजात घटकांच्या लहानमोठ्या दोषांमुळे येणारी एक विशिष्ट छटा आहे. असे वाद्य आपल्याकडे असेल तर त्याचा आवाज संगणकात नीट कसा घ्यावा, हे आता पाहू. इथे भौतिकशास्त्र पावलोपावली भेटते.

वाद्य आणि संगणक यांच्या मधली वाट

पहिली गोष्ट पातळीची. मायक्रोफोनकडून येणारे व्होल्टेज काही मिलिव्होल्ट असते, सिंथेसायझरकडून येणारे साधारण एक व्होल्टच्या घरात. मायक्रोफोनसाठी असलेल्या जोडात सिंथेसायझर खुपसला तर आवाज फाटतो. म्हणून 'लाइन' असे लिहिलेला जोड असलेले ध्वनीचे उपकरण मध्ये लागते. टेपवर पातळी थोडी जास्त झाली तर आवाज हळूहळू बिघडे. आकड्यांत मात्र सर्वांत मोठ्या संख्येच्या पलीकडे जागाच नसते. तरंगाचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट होतो. म्हणून वरच्या मर्यादेखाली चांगली जागा मोकळी सोडावी. आज मोजमाप २४ बिटांत होते. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल वाढतात. एवढी ऐसपैस जागा असताना आवाज थोडा हळू मुद्रित केला म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट गाळणीची. सिंथेसायझरच्या करवतीच्या दात्यांसारख्या तरंगात ऐकू न येणाऱ्या, पार वरच्या वारंवारताही असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना २५,००० हर्ट्झचे कंपन आत शिरले, तर ते ४४,१०० वजा २५,००० म्हणजे १९,१०० हर्ट्झचे सोंग घेऊन बसते. एकदा आकडे झाले की खरे कोण आणि सोंग कोणते, हे ओळखता येत नाही. सिनेमात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. म्हणून मोजण्याआधीच फिल्टरने वरच्या वारंवारता कापाव्या लागतात. ध्वनीचे उपकरण हे काम स्वतःच करते.

तिसरी गोष्ट गुणगुणीची. वाद्य आणि संगणक वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगला जोडलेले असले, आणि आवाजाच्या वायरीनेही एकमेकांना जोडले, तर वायरींचे एक वेटोळे तयार होते. त्यात ५० हर्ट्झचा प्रवाह खेळतो आणि पार्श्वभूमीला घूंऽऽ असा आवाज येतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत, किंवा मध्ये लहानसा ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सांगितला तर तो मुळीच करू नये. गुणगुण जाईल, पण जिवाशी गाठ पडू शकेल.

चौथी गोष्ट उशिराची. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादलीने घेतो. बादली २५६ नमुन्यांची असेल तर ती भरायला २५६ भागिले ४४,१०० म्हणजे सुमारे ५.८ सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या वेळात हवेतला ध्वनी सुमारे दोन मीटर जातो. बादली लहान केली तर उशीर घटतो, पण संगणकाची धावपळ वाढते आणि आवाज मध्येच तुटतो. संगणकाने मिडीने सूचना पाठवली, वाद्य वाजले आणि आवाज परत आला, या फेरीत दहा सहस्रांश सेकंद गेले, तर मुद्रित आवाज ४४१ नमुने मागे पडलेला दिसेल. हा उशीर अंदाजाने ठरवू नये, मोजावा. एकच ठोका पाठवावा, तो मुद्रित करावा, पडद्यावर किती नमुने सरकला ते पाहावे आणि तेवढा मागे घ्यावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

सिंथेसायझर नसला तरी यातल्या मुख्य कल्पना शाळेत अनुभवता येतात. आलेख कागदावर एक तरंग काढा. त्यावर जवळजवळ ठिपके घ्या आणि फक्त ठिपके दुसऱ्या कागदावर उतरवून ते जोडायला सांगा. मूळ तरंग परत येतो. आता एका तरंगलांबीत एकच ठिपका, तोही दर वेळी थोडा पुढे सरकवत घ्या. जोडल्यावर भलताच संथ तरंग दिसेल. वर सांगितलेले सोंग ते हेच.

दुसरा प्रयोग असा. एका विद्यार्थ्याला ओळखीची चाल पेटीवर वाजवू द्या. दुसरा ती सारेगममध्ये लिहील, तिसरा मोबाइलवर मुद्रित करील. मग वहीवरून चौथ्याला वाजवायला सांगा आणि मुद्रणाशी ताडून पाहा. काय टिकले आणि काय निसटले, याची यादी मुलांनीच करावी.

मग नोंद कशाची?

आता त्या चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. मिडीच्या यादीत १०५ क्रमांकाला 'सतार' आहे. १९९१ साली ठरलेल्या प्रमाणानुसार ही यादी सर्व उत्पादकांसाठी एकच आहे. पण १०५ ही संख्या पाठवली की प्रत्येक यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे सतार वाजवते. एकाची बरी, एकाची पत्र्याच्या डब्यासारखी. सूचना तीच, आवाज निराळा. कृतीची नोंद जिवंत राहण्यासाठी ती कृती करणारे वाद्यही जिवंत राहावे लागते. टीआर-८०८ आणि टीबी-३०३ यांचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थांबले होते. वाद्य मोडले, त्याची चिप मिळेनाशी झाली, किंवा सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासे झाले, की वहीतल्या सूचना मुक्या होतात.

आवाजाच्या नोंदीला मात्र मूळ वाद्याची गरज उरत नाही. आकडे आहेत आणि त्यांचे व्होल्टेज करणारे कोणतेही यंत्र आहे, तोवर तो आवाज ऐकता येतो. म्हणूनच अनुभवी संगीतकार सूचना जवळ असतानाही वाद्याचा आवाज मुद्रित करून ठेवतात. वही टाकून द्यावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चाल बदलायची, लय वाढवायची, चूक दुरुस्त करायची तर वहीच कामी येते. दोन्ही नोंदी ठेवाव्यात, आणि कोणती नोंद काय जपते हे ओळखून ठेवाव्यात.

हा विवेक संगीतापुरता नाही. प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिताना मूळ मोजमापेही जपावीत, लोकगीताचे शब्द उतरवताना गाणाऱ्या आजीचा आवाजही मुद्रित करावा, बोलीचे शब्द जमवताना उच्चारही टिपावेत. अहमदाबादच्या त्या फिती कोणी कपाटातून काढून टाकल्या असत्या, तर आज आपल्याला नुसते कळले असते की तिथे काहीतरी घडले होते. आपल्या शाळेच्या कपाटातही स्नेहसंमेलनांच्या, जुन्या शिक्षकांच्या आवाजाच्या काही कॅसेट पडून असतील. कॅसेट वाजवणारे यंत्र अजून चालते आहे तोवर त्या संगणकात उतरवून घ्याव्यात. वायर, पातळी, गुणगुण यांबद्दल वर जे सांगितले, ते तिथेही तसेच्या तसे लागू पडते.